वर धरलेलं बोट

मोठ्या सिस्टर सगळ्या जगाला अरे-तुरे करायच्या. वॉर्डाच्या मुख्य डॉक्टरांना 'अरे', फरशी पुसणाऱ्या मावशींना 'अगं', लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मिशाळ गृहस्थाला 'काय रे, आज तरी चालू होणार का?' अहो-जाहो फक्त एकाच जमातीला मिळायचं. एक-सव्वा किलोच्या बाळांना.

"अहो तीन नंबर, आपण श्वास घ्यायला विसरलात की काय?"

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू दाबलं. पुणेरी खवचटपणाबद्दल ऐकून होतो, पण काचेच्या पेटीत झोपलेल्या वीतभर जिवालाही तो ऐकवतात हे मला नवीन होतं. मग कळलं, की बाई थट्टा करत नव्हत्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं खरोखरच श्वास घ्यायला विसरतात. त्यांना अजून सवयच झालेली नसते. पंधरा-वीस सेकंद छाती हलत नाही, मागोमाग हृदयाचे ठोके मंदावतात, आणि कोणी लक्षात आणून दिलं नाही तर बाळ तसंच गुपचूप निघून जातं. सिस्टर तळपायाला एक टिचकी मारायच्या. बाळ दचकायचं, श्वास घ्यायचं. "आभारी आहे," असं म्हणून सिस्टर पुढच्या पेटीकडे वळायच्या.

एकदा धीर करून विचारलंच, "सिस्टर, यांना अहो कशाला म्हणता?"

"पाहुणे आहेत ते. राहायचं की जायचं, अजून ठरलेलं नाही त्यांचं. पाहुण्याला आग्रह करावा लागतो, बाबा. तुझ्यासारखा कोणी मुक्काम ठोकून बसला, की मग कशाला अहो म्हणायचं?"

बाळ दोन किलोच्या जवळ आलं, की एखाद्या सकाळी सिस्टर त्याच्याकडे वाकून म्हणायच्या, "काय गं नकटे, झोपतेस तरी किती?" जुन्या झालेल्या आयांना ही खूण ठाऊक होती. डॉक्टर काय म्हणतात, काटा काय दाखवतो, याकडे त्यांचं लक्ष नसे. दारात उभ्या राहून त्या सिस्टरांच्या तोंडून 'अगं' कधी निघतं याची वाट बघत. ते निघालं, की आई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला बसायची, आणि सिस्टर म्हणायच्या, "आता काय झालं? आता रडायचं कारण संपलं ना?"

माझा त्या वॉर्डाशी संबंध आला तो यंत्रामुळे. मी यवतमाळकडचा. इंजिनिअर होऊन पुण्यात आलो आणि हडपसरच्या एका छोट्या कंपनीत चिकटलो. तेव्हा परदेशी माल बाजारात धडाधड यायला लागला होता. माझ्या वर्गातली निम्मी मुलं संगणकाच्या नोकऱ्या धरून अमेरिकेच्या विमानात बसत होती. आमचे साहेब मात्र जिद्दीला पेटले होते. बाहेरची यंत्रं आपल्या हॉस्पिटलांना परवडत नाहीत, तर नवजात बाळांचे ठोके मोजायचं यंत्र आपण इथंच बनवू, असा त्यांचा पण. आणि ते बनवणारा मी. वय चोवीस, अक्कल बेताची, आणि आत्मविश्वास विचारूच नका.

यंत्राची कल्पना सोपी होती. तोवर छातीला चिकटवायच्या पट्ट्या वापरायचे. पण एवढ्याशा बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. पट्टी काढताना तीही निघून यायची. आम्ही त्याऐवजी तळपायाच्या एका बाजूला लाल दिवा लावला, दुसऱ्या बाजूला त्या उजेडाला ओळखणारा एक बारीक डोळा. प्रत्येक ठोक्याला पायात रक्त येतं, उजेड किंचित कमी होतो, रक्त ओसरलं की वाढतो. ते चढ-उतार मोजले की झाले ठोके. सुई नाही, डिंक नाही, बाळाला पत्तासुद्धा नाही. मला तर वाटायचं, याहून सुंदर गोष्ट माणसानं केलीच नसेल.

मुख्य डॉक्टरांनी दोन यंत्रं वॉर्डात ठेवून घेतली आणि एकच अट घातली. मोठ्या सिस्टर रजिस्टरमध्ये 'चालेल' असं लिहून सही करतील, तर पुढचं बोलू. मी म्हटलं, त्यात काय एवढं! एका नर्सबाईची सही. आठवड्यात आणतो. त्या सहीनं माझं जवळजवळ वर्ष खाल्लं.

सिस्टरांचं स्वतःचं यंत्र म्हणजे एक जुना स्टेथोस्कोप. त्याचं तोंड त्या आधी मुठीत धरून उबवायच्या. "गार लावलास तर आधी बाळ घाबरतं, मग ठोका घाबरतो, मग तू घाबरतोस." उजव्या हातानं तो बाळाच्या छातीवर धरायचा आणि डाव्या हाताच्या बोटानं पेटीच्या कडेवर ऐकू येणारा प्रत्येक ठोका वाजवायचा. टक टक टक टक. बाळ अडचणीत असलं की डॉक्टरांचे दोन्ही हात त्याच्या नाकातोंडाशी गुंतलेले असतात, आकडे ऐकायला सवड नसते. पण बोट दिसतं. बोट जोरात पळतंय म्हणजे बाळ ठीक, बोट रेंगाळतंय म्हणजे धावपळ करा. त्या वॉर्डात सगळे त्या बोटाकडे बघून काम करायचे. पुढे पुढे ते बोट सिस्टरांचं राहिलंच नव्हतं. चहा पिताना कपाच्या कानावर, बोलताना टेबलावर, कुठेही कुणाचे तरी ठोके वाजत असायचे.

मी म्हटलं, "सिस्टर, आता बोटाला रजा द्या. आता हे मशीन दाखवून राहिलं ना आकडा."

"दाखवून राहिलं का?" माझ्या वऱ्हाडी बोलीची त्यांना फार मौज वाटे. "मग मी पाहून राहते."

आणि राहिल्या की! चौथ्याच दिवशी कंपनीत फोन.

"अरे, तुझं यंत्र गादीचे ठोके मोजतंय."

"काय?"

"बाळ आईकडे दूध प्यायला गेलंय. पेटी रिकामी आहे. यंत्र एकशे अडतीस म्हणतंय. गादी अगदी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस."

धावत गेलो. खरंच होतं. काविळीसाठी पेटीवर निळ्या नळ्या लावलेल्या असायच्या. त्यांचा उजेड डोळ्याला स्थिर दिसतो, पण विजेबरोबर तो सारखा लुकलुकत असतो, आणि माझ्या यंत्राचा डोळा त्या लुकलुकण्यालाच ठोके समजत होता. मी आठ दिवस डोकं फोडून घेतलं, गाळण्या लावल्या, हिशेब बदलले, काही उपयोग झाला नाही. नवव्या दिवशी सिस्टरांनी ॲप्रनच्या खिशातून एक पुडी काढून माझ्यापुढे टाकली. आत काळे मोजे होते, अंगठ्याएवढे, हातानं शिवलेले. मोडक्या छत्रीच्या कापडाचे.

"उजेड आत जातो हेच दुखणं ना? मग जाऊ देऊ नकोस. छत्री कशासाठी असते, हे इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत का रे?"

मोजा चढवला, आणि आकडा बाळाचा यायला लागला. त्यानंतर वॉर्डात कुणाचीही छत्री मोडली, की ती सिस्टरांच्या टेबलावर यायची. कोपऱ्यात नुसत्या काड्यांचा ढीग साचला होता.

आता माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. सांगायला नको वाटते, पण ती गाळून सिस्टरांबद्दल लिहिणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

मोजे आले तरी बाळं पाय झाडायची, दिवा सरकायचा, ठोका सापडेनासा व्हायचा, आणि यंत्र ठणाणा करायचं. दिवसातून पन्नास वेळा. बाकीच्या सिस्टर वैतागल्या. डॉक्टर वैतागले. आमचे साहेब म्हणाले, "बोंबलणं कमी कर बाबा, नाहीतर यंत्र परत येईल." मोठ्या सिस्टर तेवढ्या कुरकुरल्या नाहीत. ओरडलं की जायच्या, बाळ बघायच्या, दिवा सारखा करायच्या. पण मी उंटावरचा शहाणा. मी एक युक्ती केली. ठोका सापडेनासा झाला, की आधीचा शेवटचा आकडाच दाखवत राहायचं. पाय झाडून थांबेपर्यंत, अर्धं मिनिट. ओरडणं निम्म्यावर आलं. सगळे खूश. मग मी ते दोन मिनिटांवर नेलं. वॉर्डात देवळासारखी शांतता झाली. साहेबांनी पाठ थोपटली. आकडा कुठून येतो ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

तीन नंबरच्या पेटीत तेव्हा एक मुलगी होती. तिची आई वाघोलीला बांधकामावर विटा वाहायची, मूळची बीडकडची. आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच कळा सुरू झाल्या होत्या. ती दिवसभर वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसायची आणि दार उघडलं की विचारायची, "बाई, हाय ना?" सिस्टर म्हणायच्या, "आहे, बस." एवढंच त्यांचं बोलणं.

त्या दुपारी हॉस्पिटलचे ट्रस्टी यंत्र बघायला आले होते. आमचे साहेब टाय बांधून हजर. मी तीन नंबरपाशी उभा राहून समजावून सांगत होतो. यंत्रावर लाल आकडा झळकत होता, एकशे शेहेचाळीस. "बघा, किती स्थिर," असं मी म्हणालो. हे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण माझ्या मागून जाणाऱ्या सिस्टर त्याच शब्दाला थांबल्या.

"स्थिर?" त्या म्हणाल्या. "कधीपासून?"

मला प्रश्न कळेपर्यंत त्यांनी एका ट्रस्टींना कोपरानं बाजूला केलं होतं आणि निळा दिवा बंद केला होता. निळ्या उजेडात सगळीच बाळं निळी दिसतात, म्हणून त्यांची ती सवयच होती, आधी दिवा बंद, मग बाळ बघायचं. दिवा गेला आणि साध्या उजेडात ती मुलगी राखेच्या रंगाची दिसली. छाती हलत नव्हती.

मुठीत उबवायला वेळ नव्हता. स्टेथोस्कोप छातीवर गेला. डावं बोट पेटीच्या कडेवर आलं.

टक.

मी मनात म्हटलं, आता पुढचा. आता. तो येईना.

टक.

खोलीत कुणी हलत नव्हतं. ते बोट सेकंदाला एकदा, कधी त्याहूनही सावकाश खाली येत होतं, आणि त्याच्या शेजारी माझं यंत्र एकशे शेहेचाळीस दाखवत होतं.

"अहो, आपण विसरलात," सिस्टर म्हणाल्या आणि टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. मग त्यांनी हवेची छोटी पिशवी घेतली, तिचा मास्क मुलीच्या तोंडावर बसवला, दुसऱ्या सिस्टरच्या कानात स्टेथोस्कोप दिला आणि म्हणाल्या, "तू वाजव." पिशवी दाबता दाबता त्या बोलत होत्या, अगदी हळू, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं. "इतक्यात निघालात? आत्ता तर आलात. बसा हो. आईला न सांगता जाऊ नये." त्यांच्या आवाजात आर्जव होतं.

टक. टक. टक टक. टक टक टक.

पोरगी रडली. मांजराच्या पिल्लासारखा आवाज होता. रंग परत आला. आणि मग, सगळं झाल्यावर, दोन मिनिटं पूर्ण झाली म्हणून, माझ्या यंत्रानं बोंब ठोकली.

सिस्टरांनी ते बंद केलं. ट्रस्टी बाहेर गेल्यावर मला विचारलं, "हा आकडा कुठून आला?"

"मागचा आहे, सिस्टर."

"मागचा म्हणजे?"

"दिवा सरकला होता. ठोका सापडला नाही, की मागचा आकडा दाखवतो. मी तसं केलंय."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे बाळ गेलं असतं, आणि आकडा राहिला असता."

मी बाहेर आलो. तोवर आमच्या साहेबांनी ट्रस्टींना सांगून टाकलं होतं, की यंत्र वाजलं म्हणून बाळ वाचलं. वाजलं तर सगळ्यांनीच ऐकलं होतं. ते दाराबाहेर बसलेल्या मुलीच्या आईच्याही कानावर गेलं असणार. ती उठली आणि सरळ माझ्या पायाशी वाकली.

"साहेब, तुमच्या मशीननं लेकरू वाचीवलं. तुमचं लई भलं हुईल."

सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या बोलल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"नाही बाई," मी म्हणालो. "मशीननं नाही. सिस्टरांनी. मशीन खोटं दाखवून राहिलं होतं. ते मीच तसं केलं होतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"खोटं बोलतंय, मंग लेकराच्या पायाला कशापायी बांधलं?"

मी आत जाऊन तो मोजा आणि दिवा सोडवला.

सिस्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला ये. यंत्र घरी ठेव."

मी गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला आणि तीन नंबरपाशी उभं केलं. "ऐक आणि वाजव." मी मुठीत तोंड उबवलं, छातीवर टेकवलं, बोट कडेवर ठेवलं. टक टक टक टक. छान वाजत होतं. सिस्टरांनी माझ्या मनगटाला धरून बोट थांबवलं.

"तू तुझं वाजवतोयस. तिचं ऐक."

"पण बरोबर—"

"बरोबर असेल. पण ऐकलेलं नाही. यायला पाहिजे म्हणून वाजवतोयस."

खरं होतं. माझं बोट ठोक्याच्या पुढे पळत होतं. पुढचा ठोका येणारच असं गृहीत धरून ते खाली यायचं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबवलं. तास गेला. मान दुखायला लागली. मध्येच ती पोरगी हातपाय ताणायची, काही ऐकू यायचं नाही, आणि माझं बोट वाजतच राहायचं, माझ्या यंत्रासारखं.

"ऐकू आलं नाही तर काय करायचं?" मी चिडून विचारलं.

"बोट वर धरायचं."

"आणि?"

"आणि काय? वर धरायचं. बोट वर दिसलं, की सगळ्यांना कळतं, माहीत नाही. मग जो तो बाळाकडे बघतो. माहीत नाही म्हणायला लाज कसली रे? त्या 'माहीत नाही'वर पोरं वाचतात."

मी पंधरा दिवस सकाळी सातला जात राहिलो. पंधराव्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं नाही. एवढंच माझं सर्टिफिकेट.

कंपनीत येऊन मी युक्ती काढून टाकली. ठोका सापडला नाही, की आकडा जाणार आणि त्या जागी तीन आडव्या रेघा येणार. त्या आल्या की हळू, एकच टुक असा आवाज. साहेब भडकले. "रेघा दाखवणारं यंत्र घेणार कोण? गिऱ्हाईकाला आकडा लागतो! आपण बाजारात 'आम्हाला माहीत नाही' असं सांगत फिरायचं का?"

"हो," मी म्हणालो. "नाहीतर माझं नाव यातून काढा." नोकरी जाणार याची मला खात्रीच होती. पण त्यांना सही पाहिजे होती, आणि सही कुणाच्या हातात आहे हे त्यांनाही माहीत होतं.

सिस्टरांनी ते यंत्र दोन महिने वापरलं. तेवढ्यात तीन नंबरनं वजन धरलं. एका सकाळी मी वॉर्डात शिरत होतो, तेव्हा आतून आवाज आला, "अगं ए भवाने, मोजा तोंडात घालतेस होय?" माझ्या मागे भिंतीपाशी काहीतरी आपटल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर तिची आई खाली बसली होती आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हुंदके देत होती. मीही बाजूला बसलो. खोटं कशाला सांगू, मीही रडलो.

त्याच दिवशी सिस्टरांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि 'चालेल' लिहायच्या जागी लिहिलं, 'यंत्र खोटं बोलत नाही. बोलायला लागल्यास कळवीन.' खाली सही. डॉक्टर म्हणाले, हे प्रमाणपत्र आहे की धमकी? सिस्टर म्हणाल्या, "दोन्ही."

यंत्राचं पुढे फार काही झालं नाही. पाच-सहा हॉस्पिटलांनी घेतलं. मग बाहेरची यंत्रं स्वस्त झाली, आमच्या साहेबांची जिद्द दमली, हडपसरची जागा विकली गेली. मी हिंजवडीला एका मोठ्या कंपनीत गेलो, सकाळी बसमध्ये बसायचं आणि रात्री उतरायचं. परदेशातल्या विम्याच्या कंपन्यांसाठी आकडे तयार करत होतो. पडद्यावरची एकही चौकट रिकामी दिसता कामा नये, असा तिथला नियम. तो नियम ऐकला की मला दर वेळी त्या तीन आडव्या रेघा आठवायच्या.

सिस्टर निवृत्त होऊन हडपसरला एका खोली-स्वयंपाकघरात राहत होत्या, भाचीबरोबर. दिवाळीला मी जायचो. दार उघडलं की, "आलास? अजून त्या बसमध्येच का?" हे ठरलेलं.

गेल्या खेपेला भाचीचाच फोन आला. सिस्टरांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी भरती व्हा म्हटलं तर नाही म्हणाल्या. "आयुष्यभर पाहुण्यांची उठबस केली. आता मी पाहुणी होऊन जाणार नाही."

दुपारी पोहोचलो. पलंगावर अगदी एवढ्याशा दिसत होत्या. भाचीनं औषधांच्या दुकानातून बोटाला लावायचा चिमटा आणला होता, हल्ली घरोघरी असतो तसला. आत तोच लाल दिवा.

"हे तुझंच पोर का रे?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"माझं नाही सिस्टर. पण नात्यातलं आहे."

"काय म्हणतंय?"

मी वाकून पाहिलं. बोटं गार पडली होती. "रेघा दाखवतंय."

"हं. शहाणं आहे." मग, "उशीखाली बघ."

उशीखाली स्टेथोस्कोप होता. तोच. मी त्याचं तोंड मुठीत धरलं, उबवलं, आणि त्यांच्या छातीवर टेकवलं. दुसऱ्या हाताचं बोट पलंगाच्या लाकडी कडेवर ठेवलं. टक टक. टक टक.

"तुझं वाजवतोयस," त्या म्हणाल्या.

मी थांबलो. श्वास रोखून ऐकलं. फार आतून येत होता, वाट चुकत येत होता. टक. मग बरंच काही नाही. टक. पंधराव्या दिवशी दिसलं होतं तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. भाची दारात चहा घेऊन उभी राहिली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मला त्याचा राग आला, त्यानं एक ठोका खाल्ला की काय असं वाटलं.

टक.

पुढचा यायला पाहिजे होता. माझं बोट खाली यायला निघालं, जुनीच सवय, आणि मी ते अडवलं. ऐकत राहिलो.

"काका," भाची म्हणाली. "काका, काय झालं?"

माझं बोट वरच होतं. ती पेला खाली ठेवून आत आली, माझ्या बोटाकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, तरी तिला कळलं. ती पलंगाशी बसली आणि रडायला लागली.

मी कानातून नळ्या काढल्या नाहीत. हात अवघडून गेला, खांद्यापर्यंत कळ आली, तरी मी बोट वरच धरून उभा राहिलो.